विश्लेषण : बंदुकीच्या गोळीला लेप कशासाठी? रिकामी पुंगळी घरी भरणे महागात का पडू शकते?

जुन्नर तालुक्यातील खोडद हे नाव जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना ठाऊक आहे ते तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना या परिसरात पसरल्या आहेत. स्थानिक शेतकऱ्याची रोजची चिंता मात्र वेगळी आहे. उसाच्या फडात दडलेला बिबट्या, पिकात घुसणारी रानडुकरे आणि रात्रीच्या वीजपुरवठ्यामुळे अंधारात द्यावे लागणारे पाणी. अशा भागात परवान्याची बंदूक असलेली घरे असतात आणि काडतुसे महाग असल्याची तक्रारही असते. दुसरीकडे, वापरलेली पुंगळी घरच्या टेबलावर पुन्हा भरून दाखवणाऱ्या परदेशी चित्रफिती मोबाइलवर सहज दिसतात. त्यात रंगीत लेप दिलेल्या गोळ्या असतात. हा लेप कशासाठी असतो, पुंगळी पुन्हा भरणे कितपत सुरक्षित आहे आणि आपल्याकडे कायदा काय सांगतो, याचा हा आढावा.

काडतूस आणि गोळी यांत फरक काय?

बोलताना आपण दोन्हींना ‘गोळी’ म्हणतो. प्रत्यक्षात गोळी हा काडतुसाच्या चार भागांपैकी एक भाग. बाहेरची नळी म्हणजे पुंगळी. ती बहुधा पितळेची असते. तिच्या बुडाशी छोटी टोपी असते. त्यात आघाताने पेटणारे संवेदनशील मिश्रण असते. आत दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की बंदुकीतील पिन टोपीवर आदळते, ठिणगी दारूपर्यंत पोहोचते, दारू अतिशय वेगाने जळते आणि तिच्यापासून तयार झालेला वायू गोळीला नळीतून बाहेर ढकलतो. गोळी निघून जाते, दारू जळून जाते, टोपी निकामी होते. उरते ती पुंगळी. हीच पुंगळी स्वच्छ करून, मूळ आकारात आणून, नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवण्याला ‘रिलोडिंग’ म्हणतात. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी असे करायला केंद्रीय परवाना लागत नाही, विक्रीसाठी करायचे असेल तर लागतो. म्हणूनच तिकडे हा छंद आणि काटकसरीचा मार्ग बनला आहे.

शिशाच्या गोळीला लेप लागतोच कशाला?

गोळीसाठी शिसे सोयीचे. ते जड असते, स्वस्त असते आणि सुमारे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, त्यामुळे साच्यात ओतणे सोपे. पण ते फार मऊ असते. रायफल किंवा पिस्तुलाच्या नळीच्या आत नागमोडी आटे असतात. त्यांत घट्ट बसून गोळी स्वतःभोवती फिरते आणि म्हणून सरळ जाते. मऊ शिसे या आट्यांवर घासले जाते आणि त्याचा थर नळीत साचत जातो. मागून येणारा तप्त वायूही गोळीचे बूड आणि कडा झिजवतो. काही गोळ्या झाडल्या की नेम बिघडू लागतो. थर वाढत गेला तर नळीतील दाबही वाढतो. त्यामुळे शिसे आणि नळीचे पोलाद यांच्यामध्ये काहीतरी असणे भाग असते. ते तीन प्रकारे साधता येते : ग्रीस किंवा मेणासारखे वंगण, तांब्याचे कवच आणि अलीकडचा पॉलिमरचा लेप.

१८५७ च्या काडतुसाचा याच्याशी संबंध काय?

थेट संबंध आहे. कंपनी सरकारने आणलेल्या एनफिल्ड रायफलीच्या नळीला आटे होते आणि ती पुढून ठासून भरावी लागे. तिचे काडतूस कागदाचे होते. शिपायाने ते दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची आणि कागदात गुंडाळलेली गोळी गजाने आत ढकलायची. गोळी सहज उतरावी आणि शिशाचा व दारूचा मळ नळीत बसू नये, यासाठी कागदाला बाहेरून चरबीचे वंगण लावलेले असे. ही चरबी गाईची आणि डुकराची असल्याची बातमी जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या दमदम येथून पसरली. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले. २४ एप्रिलला मेरठच्या तिसऱ्या घोडदळातील ८५ शिपायांनी काडतुसांना हात लावायला नकार दिला आणि १० मे रोजी मेरठ पेटले. उठावाची कारणे अनेक होती. पण ठिणगी ज्या काडतुसाने टाकली, त्यावरची चरबी ही आजच्या लेपाचेच काम करत होती.

तांब्याचे कवच कधी आले?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८८४ च्या सुमारास फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी धूर न करणारी दारू तयार केली. तिच्यामुळे गोळीचा वेग एकदम वाढला. एवढ्या वेगाला नुसते शिसे टिकेना, वंगणही पुरेना. स्वित्झर्लंडचे एडुआर्ड रुबिन यांनी १८८२ मध्येच शिशावर तांब्याचे कवच चढवलेली गोळी पुढे आणली होती. नव्या दारूबरोबर ती सगळ्या सैन्यांनी स्वीकारली. आज हे कवच बहुधा तांबे आणि थोडे जस्त यांच्या मिश्रधातूचे असते.

या कवचाच्या कथेतही दमदम पुन्हा येते. कवचाची गोळी शरीरातून आरपार जाते आणि शत्रू लगेच थांबत नाही, अशी वायव्य सरहद्दीवरील ब्रिटिश अधिकाऱ्यांची तक्रार होती. त्यावर दमदमच्या कारखान्यात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी टोकाचे शिसे उघडे ठेवलेली गोळी बनवली. ती शरीरात गेल्यावर पसरे आणि भयंकर जखम करी. १८९९ च्या हेग परिषदेत शरीरात पसरणाऱ्या वा चपट्या होणाऱ्या गोळ्या युद्धात न वापरण्याचा जाहीरनामा झाला. ‘दमदम बुलेट’ हा शब्द जगाच्या कोशात गेला तो असा. गोळीच्या टोकावर कवच आहे की नाही, एवढ्या फरकावर आंतरराष्ट्रीय नियम उभा राहिला.

मग पॉलिमर लेपाची गोळी वेगळी कशी?

तांब्याचे कवच चढवायला कारखाना लागतो, यंत्रे लागतात. शिशाची गोळी साच्यात ओतणे त्यामानाने स्वस्त. म्हणून सरावात हजारो फैरी झाडणाऱ्या परदेशी पिस्तूल नेमबाजांमध्ये मधला पर्याय रुजला. शिशाच्या गोळीवर पॉलिमरचा किंवा पावडर कोटिंगचा पातळ थर भट्टीत पक्का करायचा. फाटकाला किंवा सायकलच्या सांगाड्याला जसा रंग भाजून बसवतात, तसाच हा प्रकार. गोळ्या लाल, निळ्या, हिरव्या दिसतात त्या यामुळे.

याचे फायदे खरे आहेत. मेणाचे वंगण जळून होणारा धूर कमी होतो, हाताला चिकटपणा लागत नाही, नळीत शिसे कमी साचते. लेप गोळीच्या बुडालाही झाकतो, त्यामुळे तप्त वायूने शिसे झिजून हवेत जाण्याचे प्रमाण घटते. बऱ्याच कवचाच्या गोळ्यांचे बूड मात्र उघडे असते.

मर्यादाही तितक्याच खऱ्या. हा लेप फार पातळ असतो. तो नीट भाजला गेला नाही, पुंगळीत बसवताना खरवडला गेला किंवा वेग त्याच्या क्षमतेपलीकडे गेला, तर शिसे पुन्हा नळीला भिडते. लेप म्हणजे कवच नव्हे. दिसायला पूर्ण झाकलेली गोळी तांब्याच्या कवचाच्या गोळीसारखीच वागेल, हे समजणे चूक आहे.

लेप दिला म्हणजे शिशाचा धोका टळला का?

नाही. अनेक काडतुसांच्या टोपीतील मिश्रणातच शिशाचे संयुग असते. प्रत्येक फैरीबरोबर ते सूक्ष्म कणांच्या रूपात हवेत, हातावर आणि कपड्यांवर येते. त्याहून मोठा धोका घरी शिसे वितळवण्याचा. जुन्या वाहनाच्या बॅटरीतील शिसे चुलीवर किंवा स्टोव्हवर वितळवणे तर अतिशय घातक, कारण त्याबरोबर इतर विषारी धातू आणि आम्लाचे अंशही असतात. वितळताना वर जमणारी राख व धूळ जमिनीवर, भांड्यांवर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या तोंडात जाते.

शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांच्या मेंदूची वाढ, बुद्ध्यांक आणि वागणूक यांवर त्याचा परिणाम होतो आणि तो बहुतांशी भरून निघत नाही. मोठ्यांमध्ये रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार आणि रक्तक्षय यांचा धोका वाढतो. गर्भवतीच्या शरीरातील शिसे बाळापर्यंत पोहोचते. शिकारीनंतर मागे राहिलेल्या मांसातील शिशामुळे गिधाडे आणि गरुड मरतात, म्हणून कॅलिफोर्निया राज्याने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या दारूगोळ्यावर पूर्ण बंदी घातली. पाणथळ जागांमध्ये शिशाचे छर्रे वापरण्यावर युरोपीय महासंघात फेब्रुवारी २०२३ पासून बंदी आहे.

पितळेची पुंगळी कितीदा वापरता येते?

तिला ठरावीक आकडा नाही, कारण प्रत्येक पुंगळीचा इतिहास वेगळा. पितळ निवडले जाते ते त्याच्या गुणामुळे. दाब आला की पुंगळी फुगून नळीच्या मागच्या खोबणीला घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरला की किंचित आकसते आणि सहज बाहेर निघते. पण प्रत्येक वेळी फुगणे आणि पुन्हा दाबून आकारात आणणे यात धातू कडक आणि ठिसूळ होत जातो. कधी तोंडाशी चीर पडते, कधी बुडाजवळची भिंत आतून पातळ होते. ती बाहेरून दिसतही नाही. अशी पुंगळी फाटली तर तप्त वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येतो.

पितळेची ही दुर्बलता शास्त्रज्ञांच्या लक्षात आली त्यात भारतीय पावसाळ्याचा वाटा आहे. ब्रिटिश काळात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसे न वापरताच तडकत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी घडवताना धातूत राहिलेला ताण या तिघांनी मिळून पितळ फुटत असे. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी याचे कारण सविस्तर मांडले. हलक्या उष्णतेने धातूतील ताण काढून टाकणे हा त्यावरचा उपाय ठरला. आज कारखान्यांत ते नेमाने केले जाते. गोठ्याला लागून असलेल्या खोलीत किंवा खतांच्या पोत्यांशेजारी काडतुसे ठेवू नयेत, हे त्यातून निघणारे व्यवहाराचे सूत्र.

घरी भरलेल्या काडतुसात आणखी काय चुकू शकते?

सर्वांत धोकादायक चूक दारूची. आधुनिक धूररहित दारू अनेक प्रकारची असते आणि प्रत्येकीचा जळण्याचा वेग वेगळा. दिसायला सारखी दारू चुकून दुसऱ्या काडतुसात गेली किंवा एकाच पुंगळीत दोनदा पडली, तर दाब इतका वाढतो की बंदूक फुटू शकते. उलट चूकही तितकीच वाईट. दारू पडलीच नाही तर नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत थोडी सरकून अडकते. आवाज दबका येतो. चालवणाऱ्याला वाटते काडतूस फुसके निघाले, तो पुढची गोळी झाडतो आणि नळी फाटते. ठासणीच्या बंदुकीतील काळी दारू आणि आधुनिक दारू यांची अदलाबदल तर कधीही चालत नाही. काळ्या दारूसाठी बनलेल्या नळीला नव्या दारूचा दाब झेपत नाही.

कारखान्यात या प्रत्येक टप्प्याला तपासणी असते. पुणे जिल्ह्यातील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. काडतुसाच्या बुडावर दिसणारी ‘केएफ’ ही अक्षरे याच खडकीची, म्हणजे जुन्या ‘किरकी फॅक्टरी’ची खूण. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळाची सात कंपन्यांत विभागणी झाली. खडकी आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगाव हे दोन्ही कारखाने आता ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’मध्ये येतात. या कंपनीचे मुख्यालयही पुण्यातच आहे.

आपले नेमबाज कोणती गोळी वापरतात?

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. १९५२ मध्ये खाशाबा जाधव यांनी मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. २०१० मध्ये ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंतही कोल्हापूरचीच. या प्रकारांत पॉइंट टू-टू बोअरचे काडतूस वापरले जाते. त्यातील शिशाच्या गोळीला बाहेरून मेणासारख्या वंगणाचा पातळ हात दिलेला असतो. वेग कमी असल्याने एवढे वंगण पुरते. पन्नास मीटरवरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलीमीटरचे असते. तिथे नळीतील शिशाचा थरही पदक हिरावू शकतो.

हे काडतूस पुन्हा भरण्याची सोय नसते. त्यात वेगळी टोपी नसून पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या काठातच भरलेले असते आणि पिनेच्या आघाताने तो काठ चेपतो. त्यामुळे ऑलिम्पिकचे रायफल नेमबाज काडतुसे भरून वापरत नाहीत. कारखान्याच्या वेगवेगळ्या खेपा आपल्या रायफलीतून तपासून जी सर्वांत एकसारखी जाईल ती निवडतात.

भारतात पुंगळी भरण्याबाबत कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम १९५९ नुसार ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. तयार काडतुसांबरोबरच दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही त्यात येते. कलम ५ प्रमाणे दारूगोळ्याच्या निर्मितीसाठी वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतुसे बनवण्याचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीची शिक्षा किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी झाली आहे. याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली.

परदेशी चित्रफितींत बहुतेकदा ९ मिलीमीटरच्या गोळ्या दिसतात. आपल्याकडे सामान्य नागरिकासाठी तो निषिद्ध बोअर आहे. म्हणजे चित्रफितीतील कृतीच नव्हे, ते हत्यारही बहुतेकांना कायद्याने मिळू शकत नाही.

केवळ रिकामी पुंगळी आठवण म्हणून कपाटात असेल तर? कलम ४५ मध्ये त्याला सूट आहे : दारूगोळ्याचे किरकोळ भाग इतर पूरक भागांसह वापरण्याचा हेतू नसेल, तर ते बाळगणे कायद्याच्या कक्षेत येत नाही. हेतू हा कळीचा शब्द. एक पुंगळी ही आठवण ठरू शकते. पुंगळ्यांचा ढीग, शेजारी टोप्या, दारू आणि भरण्याचे यंत्र असेल तर तो युक्तिवाद टिकणे कठीण.

पीक राखण्याच्या बंदुकीला हे सारे लागू होते का?

पीक संरक्षणासाठी कायदा ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख करतो. ती पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला वाटल्यास आटे नसलेल्या नळीची बंदूकही मंजूर होऊ शकते. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे प्रत्येक वेळी हातानेच भरायचे असतात, ते तिच्या रचनेतच आहे. बारा बोअरचे काडतूस भरणे ही मात्र वेगळी गोष्ट.

लेपाच्या गोळीचा मोहही इथे गैरलागू आहे. बारा बोअरच्या नळीला आटे नसतात. तिच्या काडतुसात एका गोळीऐवजी बहुधा छर्रे असतात आणि ते प्लास्टिकच्या किंवा लोकरी बुचाच्या आधारे बाहेर पडतात. प्लास्टिकची वाटी असेल तर ती छर्रे आणि नळी यांच्यामध्येच राहते. लेप ज्या अडचणीवर उत्तर आहे, ती अडचणच या बंदुकीत फारशी नाही.

बिबट्याबाबत तर गोंधळाला जागाच नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तो येतो. माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेल्या बिबट्याला मारण्याचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याला गोळ्या घातल्या गेल्या, त्या वन विभागाच्या कारवाईत. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने झालेली हत्या गुन्हा ठरत नाही, अशी तरतूद कायद्यात आहे. पण ती समोर आलेल्या हल्ल्यापुरती आहे, फडात शोधत जाण्यासाठी नाही.

आजोबांची जुनी काडतुसे सापडली तर काय करावे?

जुन्या वाड्याच्या माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत काडतुसे निघतात असे होते. परवानाधारक वारला किंवा परवान्याची मुदत संपली, की त्या बंदुकीचा आणि काडतुसांचा ताबा बेकायदा ठरू लागतो. कलम २१ प्रमाणे अशा वेळी विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत शस्त्र विक्रेत्याकडे ती जमा करावी लागतात. जमा केल्याची पावती घ्यावी. वारसाला बंदूक स्वतःच्या नावावर करायची असेल तर अर्ज नंतरही करता येतो.

काडतुसे हिरवट झाली असतील, पितळ तडकले असेल, दारू सांडत असेल तर ती उचलून गाडीतून नेण्याआधी पोलिसांना फोन करून विचारावे. ती उघडून दारू काढणे, चुलीत टाकणे, शेतात पुरणे किंवा विहिरीत फेकणे यातला एकही मार्ग सुरक्षित नाही. परवाना चालू असेल आणि एखादे काडतूस उडालेच नाही, तर नळी सुरक्षित दिशेला रोखून थोडा वेळ थांबावे, मगच ते बाहेर काढावे. उशिराने पेट घेणारी टोपी असू शकते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढची फैर झाडू नये. बंदूक रिकामी करून नळी मोकळी आहे का, हे आधी पाहावे. एका काडतुसाची बचत त्या वेळी कुणाच्या डोळ्याइतकी किंवा हाताइतकी मोलाची नसते.